माशांवर पीएचडी केली तर कॅन्सर संशोधनाची वाट बंद होते का?

तुम्ही नांदेडला एम.एस्सी. प्राणीशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहात, गाइड मिळतायत ते माशांच्या शरीरक्रियेवर काम करणारे, आणि तुम्हाला ओढ कॅन्सरची. कायमचे माशांतच अडकाल का, असं विचारलंय.

नाही अडकणार. मी माशांकडूनच कॅन्सरकडे आले.

माझी पीएचडी रोहू आणि मरळीच्या श्वसनावर होती. नमुने पैठणच्या नाथसागरातून आणि आसपासच्या शेततळ्यांतून आणायचे. मे महिन्यात पहाटे साडेचारला तळ्यावर हजर. रात्रभर शेवाळ आणि मासे ऑक्सिजन ओढत राहतात, त्यामुळे उजाडायच्या आधी तो सगळ्यांत कमी असतो. रोहू वर येऊन तोंडाची उघडमीट करत असायचे. पाण्यातला ऑक्सिजन मोजायला बाटलीत एकही बुडबुडा राहू न देता पाणी भरायचं, काठावरच रसायनं घालायची आणि लॅबमध्ये येऊन निळा रंग जाईपर्यंत थायोसल्फेट थेंबथेंब सोडायचं. 30 अंशाच्या लिटरभर पाण्यात हवेतून साडेसात मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन विरघळतो. त्या पहाटे दोनसुद्धा भरायचा नाही. मरळ मात्र निवांत. ती वर येऊन थेट हवा घेते, आणि पाण्याखाली जाळीत अडकवून ठेवली तर मासा असूनही गुदमरते.

रोहूला ती सोय नाही. ऑक्सिजन तुटला की त्याचे स्नायू ग्लुकोज अर्धवट मोडून लॅक्टिक आम्लावर थांबतात. हे करणारं विकर (एन्झाइम) म्हणजे एलडीएच, लॅक्टेट डिहायड्रोजनेज. ते मी स्पेक्ट्रोफोटोमीटरवर, म्हणजे नमुना किती प्रकाश शोषतो ते मोजणाऱ्या यंत्रावर, 340 नॅनोमीटर तरंगलांबीला इतक्या वेळा मोजलंय की आकडा बघून नमुना बिघडलाय का ते कळायचं.

पुण्यात एका कार्यशाळेत कॅन्सरच्या गाठीचा काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. कडेला जिवंत पेशी, मधोमध मेलेल्या. रक्तवाहिनीपासून 100-200 मायक्रोमीटरपलीकडे ऑक्सिजन पोचतच नाही. मला ते तळंच दिसलं! अशा वेळी पेशीत एचआयएफ नावाचं प्रथिन टिकून राहतं. एरवी ऑक्सिजन असला की ते लगेच नष्ट केलं जातं. टिकलं की ते नव्या रक्तवाहिन्या मागवतं आणि एलडीएच वाढवतं. ही यंत्रणा माशांतही आहे, माणसांतही. पेशीला ऑक्सिजनची चाहूल कशी लागते, हे उलगडणाऱ्या सेमेंझा, रॅटक्लिफ आणि केलिन यांना 2019 चं नोबेल मिळालं. मी कॅन्सरच्या लॅबमध्ये गेले तेव्हा पहिलं काम मिळालं एलडीएच मोजण्याचं, त्याच 340 नॅनोमीटरला.

हा विषय मला जवळचा वाटतो याला कारण आहे. तंबाखू-गुटख्यामुळे तोंडाचा कॅन्सर आपल्याकडे घरोघरी माहीत झालाय, आणि त्यावर किरणोपचार देतात. ऑक्सिजन नसलेल्या पेशी मारायला किरणांची मात्रा जवळजवळ तिप्पट लागते. त्याच पेशी मागे उरतात आणि गाठ परत येऊ शकते.

झेब्राफिश या प्रयोगशाळेत वापरल्या जाणाऱ्या छोट्या माशाचं तुम्ही ऐकलं असेलच. माणसाच्या साधारण 70 टक्के जनुकांना त्यात जोडीदार जनुक सापडतं, आणि गर्भ पारदर्शक असल्यामुळे सोडलेल्या कॅन्सरपेशी कुठे जातात ते जिवंतपणी दिसतं. पण फक्त त्याच्या भरवशावर विषय ठरवू नका.

जपायचं ते वेगळ्याच गोष्टीला. आपल्याकडचे बरेच प्रबंध एकाच साच्याचे असतात: टाकीत कीटकनाशक टाका, 96 तासांत निम्मे मासे मरतील ती मात्रा काढा, हिमोग्लोबिन मोजा, तक्ते भरा. त्यातून कॅन्सरकडे जाणं खरंच अवघड. मासा का मेला, पेशीत नेमकं काय बिघडलं, इथपर्यंत विषय जात असेल तर बिनधास्त घ्या. सोबत नेट-जेआरएफ, म्हणजे संशोधनाची फेलोशिप देणारी परीक्षा, काढा. खारघरचं अ‍ॅक्ट्रेक (टाटा मेमोरियलचं कॅन्सर संशोधन केंद्र) आणि पुण्याचं एनसीसीएस (राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र) ही दोन नावं डोक्यात ठेवा.

आणि गाइडना हो म्हणायच्या आधी एक विचारा: कल्ल्यांचे तुकडे आरएनएसाठी ठेवायला उणे 80 अंशाचा फ्रीजर विभागात आहे का, आणि लाइट गेली तर तो जनरेटरवर चालतो का?