कपॅसिटर 'लीक' आहे म्हणजे नक्की काय?

एक वाचक जुना ऑसिलोस्कोप (विजेच्या लहरी पडद्यावर दाखवणारं यंत्र) दुरुस्त करताहेत. पॉवर सप्लायचं एक व्होल्टेज हवं त्याहून बरंच खाली बसतंय. एका जाणकाराने निदान केलं, 'कपॅसिटर लीक आहे.' यांनी तो कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारा छोटा भाग, काढून पाहिला, तर तो स्वच्छ, कोरडा, कुठे डाग नाही की फुगवटा नाही. त्यांचा प्रश्न असा: मग गळलं काय? आणि याला शुद्ध मराठीत 'क्षरण' म्हणावं असं दुसऱ्या कुणी सुचवलंय, ते बरोबर आहे का?

बरोबर नाही. पण आधी 'लीक'चं बघू, कारण दुरुस्तीच्या टेबलावर या एका शब्दाखाली चार वेगळी दुखणी कोंबलेली रोज ऐकू येतात आणि फार वैताग येतो. इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरमधलं द्रव वर्षानुवर्षांत उडून गेलं, तर तो सुकला. त्याची धारकता, म्हणजे वीज साठवायची क्षमता, घटते आणि सप्लायवर रिपल, म्हणजे व्होल्टेजची नको असलेली लहर, चढते. तेच द्रव बुडातून बाहेर आलं आणि त्याने बोर्डावरचे तांब्याचे ट्रॅक खाल्ले, तर तो गळला. दोन्ही टोकं आतून एक झाली, तर शॉर्ट झाला. तुमचा यांपैकी कशातच बसत नाही. ज्याने डीसी (एकाच दिशेने वाहणारा प्रवाह) अडवायचा, तोच थोडाथोडा डीसी पलीकडे सोडतोय. अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीवरचा ऑक्साइडचा पातळ थर हा त्यातला खरा बांध. यंत्र अनेक वर्षं बंद पडून राहिलं की तो थर कमकुवत होतो. भोक नाही, चीर नाही, तरी प्रवाह जातो.

आणि नेमक्या याच क्रियेला मराठीत क्रियापद आहे: झिरपणे. नळ गळतो, छप्पर गळतं, पानं गळतात, केस गळतात. गळण्यात काहीतरी सुटून खाली पडतं. माठातून पाणी झिरपतं तेव्हा माठ फुटलेला नसतो. अख्ख्या, धडधाकट दिसणाऱ्या वस्तूच्या अंगातून हळूहळू पार होणं म्हणजे झिरपणं. तेव्हा तुमचा कपॅसिटर झिरपतो.

आता 'क्षरण'वाल्यांकडे. त्यांचं म्हणणं, झरणे-झिरपणे हे 'क्षर्' (वाहणे) या संस्कृत क्रियामूळाचे, म्हणजे धातूचे, गावठी अपभ्रंश, मग मूळच का वापरू नये? हा युक्तिवाद ऐकायला भारदस्त आहे आणि साफ चुकीचा आहे. संस्कृत क्ष मराठीत येताना काय होतो ते पाहा: क्षेत्राचं शेत, मक्षिकेची माशी, क्षुरिकेची सुरी, क्षाराचा खार. श, स, ख, सगळे अघोष, म्हणजे उच्चारताना कंठ न थरथरणारे, कारण क्ष म्हणजे क् आणि ष, दोघेही अघोष. मग 'क्षर'मधूनच तेवढा घोष, कंठ थरथरवणारा झ कुठून उपटला?

उत्तर असं की तो 'क्षर'मधून आलेलाच नाही. अवेस्तात, म्हणजे पारशांच्या प्राचीन धर्मग्रंथाच्या भाषेत, 'वाहणे' या अर्थाचा हाच धातू 'ग्झर्' असा आहे, घोष व्यंजनांचा. पालीत संस्कृत 'प्रक्षरति'च्या जागी 'पग्घरति' आहे, तिथेही घ. प्राकृतात 'झरइ' आणि 'पज्झरइ', आणि या पज्झरइतूनच आपलं पाझरणं आलं. म्हणजे मूळ जोडव्यंजन घोष होतं. संस्कृताने त्याचं क्ष केलं. लोकांच्या तोंडी मात्र जुना घोष टिकला. या एका बाबतीत झरा हा क्षराहून जुन्या उच्चाराच्या जवळ आहे. अपभ्रंश म्हणून ज्याला हिणवता, तोच थोरला निघतो! मराठी व्युत्पत्तीत मला याहून सुंदर गोष्ट माहीत नाही. 'झिजणे'चंही तेच: क्षीयते आणि झिज्जइ यांचं नातं असंच आहे.

याच घराण्यात 'अक्षर'ही आहे. 'न क्षरति' ते अक्षर, ही व्युत्पत्ती पतंजलीने दिलेली आहे. म्हणजे जे झरत नाही ते अक्षर. झरा, पाझर आणि अक्षर एकाच धातूची लेकरं.

झिरपणे हाही मी याच कुळातला धरतो. झर मोठा, झिर बारीक. टपटप आणि टिपटिप यांत स्वर बदलून जो फरक पडतो, तोच इथे. वाळूत खणल्यावर ज्यात पाणी हळूहळू भरतं तो झिरा, हाही त्यातलाच. याला कुणी नुसता ध्वन्यनुकारी, म्हणजे आवाजाची नक्कल करणारा, शब्द म्हणणार असेल, तर त्याने आधी पाझर आणि झिरप यांचे अर्थ इतके शेजारी का, ते सांगावं.

शिवाय 'क्षरण' मराठीत रिकामं नाही. शाळेच्या विज्ञानात धातू गंजणं, खाल्लं जाणं म्हणजे क्षरण. गळक्या कपॅसिटरने ट्रॅक खाल्ला, ते क्षरण. आता झिरपणाऱ्या प्रवाहालाही क्षरण म्हटलं, तर एकाच बोर्डावर दोन वेगळ्या गोष्टींना एकच नाव होईल. 'लीक'ने घातलेला घोळ संस्कृतात नेऊन ठेवल्यासारखं ते होईल. 'झिरप-प्रवाह' म्हणा, कुणाचीही गफलत होणार नाही.

तुमच्या यंत्राबद्दल: मल्टिमीटरच्या ओहमवर झिरप बहुधा दिसत नाही, कारण मीटरचं व्होल्टेज फार कमी असतं. कपॅसिटर सुटा करून १० किलोओहमच्या रेझिस्टरमधून त्याला व्होल्टेज द्या, हळूहळू वाढवत त्याच्या मर्यादेच्या आत. तो भरल्यावरही रेझिस्टरवर १ व्होल्ट टिकून राहिला, तर झिरप ०.१ मिलीअँपिअर. अ‍ॅल्युमिनियमच्या कपॅसिटरमध्ये हा आकडा हळूहळू उतरत गेला, तर ऑक्साइडचा थर पुन्हा बांधला जातोय. उतरत नसेल तर बदला. टँटॅलम या दुसऱ्या धातूचा असेल तर वाट न पाहता बदला. पिक्चर ट्यूबच्या बाजूला हजारो व्होल्ट असतात, तिथे यंत्र बंद केल्यावरही डिस्चार्ज केल्याशिवाय हात घालू नका.