मॅकचं रजिस्टर वाचलं की भलतंच येतं, चिप गेली का?

प्रश्न: भाऊ नमस्कार, मी यावल तालुक्यातला, डिप्लोमाला आहे. आमच्या केळीच्या मळ्यात रात्री लाईट कधी येईल नेम नाही, म्हणून घरूनच मोटर चालू-बंद दिसावी असा बोर्ड बनवतोय. अर्डुइनो ऊनो बोर्ड आणि ईएनसी२८जे६० ही नेटवर्कच्या केबलची (इथरनेट) चिप, तयार लायब्ररी न घेता रजिस्टर (चिपमधले सेटिंगचे कप्पे) मीच भरतोय. बफरचे रजिस्टर लिहिले तसेच वाचता येतात पण मॅककॉन१ या मॅकच्या रजिस्टरमधे बिट सेट करून वाचलं तर भलताच आकडा येतो. बँक (रजिस्टरचा गट) बरोबर निवडली आहे, जॅकचा लाईटपण लागतो, कॉम्प्युटरवरून पिंग (बोर्ड उत्तर देतो का ते बघायचा संदेश) केलं तर उत्तर मात्र येत नाही. चिप गेली का?

उत्तर: भाऊ, चिप चांगली आहे, फेकू नको. या चिपमधे ईटीएच (बफर आणि चिपचा कारभार), मॅक-एमआयआय (पॅकेट पाठवणं-घेणं) आणि पीएचवाय (केबलला जोडलेला भाग) असे तीन जातीचे रजिस्टर आहेत आणि तिघांशी वागायची पद्धत वेगळी आहे, तू सगळ्यांना ईटीएचसारखंच वागवतोय. मॅक किंवा एमआयआयचं रजिस्टर वाचताना चिप आधी एक फालतू बाइट देते आणि खरा आकडा त्याच्या मागून येतो, तू पहिलाच बाइट धरतोय म्हणून भलतं दिसतं. दुसरं म्हणजे बिट सेट-क्लिअरची कमांड फक्त ईटीएच रजिस्टरला चालते, मॅकला नाही, म्हणजे तुझा रिसीव्हचा बिट लागलेलाच नाही. मॅककॉन१ ला साध्या राइट कमांडने पूर्ण बाइट ०१ (सगळे आकडे हेक्समधे) लिही, हाफ डुप्लेक्सला (एका वेळी एकतर पाठवायचं नाहीतर ऐकायचं) तेवढं पुरतं.

पीएचवायला थेट हात लावताच येत नाही. एमआयआरईजीएडीआर मधे पत्ता टाकायचा, एमआयसीएमडी मधे रीडचा बिट लावायचा, एमआयस्टॅट मधला बिझी बिट उतरेपर्यंत थांबायचं (१०.२४ मायक्रोसेकंद लागतात), मग रीडचा बिट काढून दोन बाइट वाचायचे. एमआयसीएमडी बँक २ मधे आणि एमआयस्टॅट बँक ३ मधे आहे, मधे बँक बदलायला विसरलास तर बिझी म्हणून दुसरंच काहीतरी वाचत बसशील. या चिपला ऑटो-निगोशिएशन (समोरच्याशी आपोआप जुळवून घेणं) येत नाही, म्हणून हाफ डुप्लेक्सच ठेव आणि पीएचकॉन२ या पीएचवायच्या रजिस्टरमधे हेक्स ०१०० लिही, नाहीतर स्वतःचंच पॅकेट परत ऐकू येतं.

आता मॅक ॲड्रेस (नेटवर्कवर बोर्डाची सहा बाइटची ओळख), इथे मी स्वतः दोन रात्री घालवल्यात. बँक ३ मधे सहा बाइट ओळीने नाही बसत, जोड्या उलट्या आहेत: पहिला-दुसरा बाइट ०४-०५ वर, तिसरा-चौथा ०२-०३ वर, पाचवा-सहावा ००-०१ वर. सरळ भरलं तर गंमत अशी होते की एआरपीचा प्रश्न (या आयपीचा मॅक ॲड्रेस कोणता) ब्रॉडकास्ट, म्हणजे सगळ्यांसाठी, असतो म्हणून तो आत येतो, तुझा बोर्ड उत्तरपण देतो, पण पिंग त्या ॲड्रेसवर येतं आणि चिपचा फिल्टर ते दारातच अडवतो. कॉम्प्युटरवर एआरपी -ए मारून बघ, बोर्डाचा आयपी तिथे दिसतोय आणि तरी पिंग नाही तर जोड्याच तपास.

अजून एक, ऊनोच्या ३.३ व्होल्टच्या पिनवर चिप चालवत असशील तर आजच सोड. ती पिन ५० मिलिअँपियरची, आणि चिप पॅकेट पाठवताना १८० पर्यंत ओढते. वेगळा ३.३ चा रेग्युलेटर लाव. रिसेट दिल्यावर क्लॉक रेडीच्या बिटवर विसंबू नको, सरळ १ मिलिसेकंद थांब.

एवढं करूनही अडलं तर मॅककॉन१, मॅककॉन३ आणि त्या सहा पत्त्यांवरचे आकडे वाचून लिहून पाठव, पहिला बाइट सोडून वाचलेले.