अ‍ॅक्शन कॅमेरा छातीवर की डोक्यावर? वाचकांच्या शंका आणि उत्तरे

प्रश्न : आम्ही सहा जण दर रविवारी नाशिकहून त्र्यंबकेश्वरपर्यंत सायकलने जातो आणि पावसाळ्यात अंजनेरी, हरिहर, रामशेज असे गड करतो. मागच्या श्रावणात हरिहरच्या पायऱ्यांवर चित्रण करताना माझा मोबाइल हातातून निसटून खालच्या झाडीत पडला. तो सापडला, पण निकामी झालेला. आता अंगावर बांधता येईल असा अ‍ॅक्शन कॅमेरा घ्यावा, असा घरच्यांचाही आग्रह आहे. दुकानात चौकशी केली, तर विक्रेते केवळ रिझोल्यूशनचे आकडे सांगतात. सगळ्या सामानासह पस्तीस हजारांच्या आत खर्च बसवायचा आहे. नेमके काय पाहून घ्यावे?
— एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक

उत्तर : कॅमेरा कोणता घ्यावा, हे ठरवण्याआधी तो अंगावर कोठे बसणार, हे ठरवावे. आपण दोन छंद सांगितले आहेत आणि या दोहोंना कॅमेऱ्याची जागा अगदी उलट लागते.

हरिहरचेच उदाहरण घेऊ. निरगुडपाड्याकडून खिंडीत पोहोचल्यावर जो कातळात कोरलेला जवळपास उभा जिना लागतो, तो आपण कातळाकडे तोंड करून, पायऱ्यांच्या कडेला कोरलेल्या खोबणींत बोटे रुतवून चढतो. त्या वेळी छाती आणि दगड यांत जेमतेम वीतभर अंतर असते. छातीवर पट्ट्याने बांधलेला कॅमेरा तेथे काय टिपणार? काळा दगड, ओले शेवाळ आणि अधूनमधून स्वतःचे मनगट. त्यातून या कॅमेऱ्यांचे भिंग स्थिर फोकसाचे असल्याने वीतभरावरचा दगडही धूसरच येतो. शिवाय पट्ट्यावरचा प्लॅस्टिकचा सांधा पायरीच्या कडेवर आपटत राहतो, ही डोकेदुखी वेगळीच. तेथे कॅमेरा कपाळावरच्या पट्ट्यावर किंवा हेल्मेटवरच हवा, म्हणजे खोबण शोधणारा हात, वरच्या गड्याची पावले आणि शेवटी दरवाजा असे सारे ओळीने येते. (पावसाळ्यात वरून दगड सुटतात, तेव्हा हेल्मेट केवळ कॅमेऱ्यासाठी नव्हे, डोक्यासाठीही घालावे.) डोक्यावरच्या कॅमेऱ्याचा दोष एवढाच, की आपण मान वळवू तिकडे तोही वळतो आणि पाहणाऱ्याला घेरी येते. चित्रण चालू असेपर्यंत मान जरा सावकाश फिरवण्याची सवय लावून घ्यावी लागते.

सायकलवर नेमके उलटे होते. डोक्यावरचा कॅमेरा मागून येणारी गाडी पाहताना दर मिनिटाला गरकन फिरतो. छातीवरच्या कॅमेऱ्यात मात्र हँडल, दोन्ही हात आणि पुढचा रस्ता एकाच चौकटीत स्थिर दिसतो, आणि वेगाचा खरा अनुभव त्यातूनच येतो. यात एक खोच आहे. सायकलवर आपण पुढे वाकलेले असतो, त्यामुळे छातीवरचा कॅमेरा रस्त्याऐवजी पुढचे चाक टिपतो. यावर उपाय म्हणजे कॅमेरा पट्ट्यावर उलटा लावून त्याचे तोंड वर उचलणे. चित्र सुलटे करण्याची सोय या कॅमेऱ्यांत असते. निघण्याच्या आदल्या रात्री सायकल भिंतीला टेकवून तीवर बसावे, हात हँडलवर ठेवावेत आणि कॅमेऱ्याला काय दिसते, ते घरातल्या कोणाला तरी मोबाइलवरच्या अ‍ॅपमध्ये पाहायला सांगावे. दहा मिनिटांचे हे काम न केल्याने चाळीस किलोमीटरचे चित्रण फुकट गेलेले मी माझ्याच घरी पाहिले आहे. पट्टा रेनकोटच्या आत बांधून वर चेन लावण्याची चूकही सर्रास होते.

हे दोन पट्टे आणि पाठपिशवीच्या बंदाला लावायची क्लिप एवढे घेतले, की आपले काम भागेल. दोन आणि तीन बोटे एकमेकांत अडकवून स्क्रूने आवळायचा जो सांधा गोप्रो या अ‍ॅक्शन कॅमेरे बनवणाऱ्या कंपनीमुळे रूढ झाला, तो आज बहुतेक कंपन्यांच्या कॅमेऱ्यांना थेट किंवा जोडपट्टीने बसतो, त्यामुळे पट्टे मूळ कंपनीचेच घेण्याची गरज नाही. शिवण मात्र ओढून पाहावी.

आता आकड्यांकडे येऊ. ४के म्हणजे ३८४० गुणिले २१६० बिंदू, म्हणजे साध्या फुल एचडीच्या चौपट. घरचा टीव्ही फुल एचडी असला तरी ४के उपयोगी पडते, कारण नंतर चौकट कापून घेता येते. त्यापुढचे ५.३के वगैरे आपल्याला जवळपास निरुपयोगी आहे आणि त्याने कॅमेरा तापतो, बॅटरी लवकर संपते. अगदी स्वस्त कॅमेऱ्यांच्या खोक्यावरही ४के छापलेले असते. तेथे पुष्कळदा कमी बिंदूंचे चित्र ताणून मोठे केलेले असते. दुकानात पाहायचेच असेल, तर कॅमेरा हातात धरून दहा पावले जोरात चालावे आणि ते चित्रण मोठ्या पडद्यावर पाहावे.

कारण खरी परीक्षा असते ती स्थिरतेची. या कॅमेऱ्यांत भिंग हलवून धक्का जिरवण्याची यंत्रणा नसते. आतला जायरोस्कोप प्रत्येक हिसका मोजतो आणि त्यानुसार चित्राची चौकट उलट दिशेने सरकवली जाते. यासाठी कडेचा थोडा भाग कापला जातो, हे गृहीत धरावे. गोप्रोने ही सोय २०१८च्या हिरो७ ब्लॅकपासून खऱ्या अर्थाने कामाची केली आणि पुढे इतरांनीही ती उचलली, त्यामुळे भर उजेडात आज चांगल्या कंपन्यांत फारसा फरक राहिलेला नाही. फरक पडतो तो अंधुक उजेडात. पहाटे सायकली काढल्या किंवा ढगात बुडालेल्या अंजनेरीच्या झाडीतून चालत गेलो, की कॅमेरा प्रत्येक चौकटीला जास्त वेळ उजेड घेतो. तेवढ्यात बसलेल्या धक्क्याने ती चौकट आतूनच पुसट होते आणि मग बाहेरून कितीही सरकवली तरी चित्र थरथरल्यासारखे दिसते. यावर उतारा म्हणजे मोठा सेन्सर (भिंगामागची उजेड टिपणारी चिप). गोप्रोच्या हिरो११ ते हिरो१३ ब्लॅक या कॅमेऱ्यांत तो १/१.९ इंची आहे, तर डीजेआयच्या ऑस्मो अ‍ॅक्शन ४ मध्ये १/१.३ इंची, म्हणजे लक्षणीय मोठा. आपले दोन्ही छंद पहाटेचे आणि पावसाळ्याचे असल्याने माझे झुकते माप या दुसऱ्याला आहे. मात्र चित्रणावर वेग आणि मार्ग उमटावा अशी हौस असेल, तर त्यात जीपीएस नाही, त्यासाठी वेगळा रिमोट घ्यावा लागतो. गोप्रोच्या हिरो१२ मधूनही जीपीएस काढले होते, ते हिरो१३ मध्ये परत आले. नवे मॉडेल आले की आधीच्याची किंमत उतरते आणि आपल्या रकमेत तेच बसवणे शहाणपणाचे ठरेल. बिल जीएसटीचे आहे ना आणि हमी भारतातली आहे ना, हे घेतानाच पाहावे, कारण परस्पर आणलेला माल दिसायला अगदी तसाच असतो.

पाण्याची चिंता करू नये, असे मी म्हणणार नाही. हिरो१२ आणि हिरो१३ वेगळ्या पेटीशिवाय १० मीटर खोलीपर्यंत, तर अ‍ॅक्शन ४ हा १८ मीटरपर्यंत पाणी सहन करतो, तेव्हा सह्याद्रीतला पाऊस त्यांना काहीच नाही. पण बॅटरीच्या झाकणाच्या रबरी कडेवर वाळूचा एक कण राहिला, तरी हे आकडे व्यर्थ आहेत. झाकण लावण्यापूर्वी ती कड कोरड्या फडक्याने पुसावी आणि पावसात बॅटरी बदलायची वेळ आलीच, तर छत्रीखाली, पाठ वाऱ्याकडे करून बदलावी. खरा त्रास भिंगावर बसणाऱ्या थेंबांचा असतो. त्यावर समुद्रावर लाटांशी खेळणारे लोक एक उपाय करतात, तो ऐकायला ओंगळ वाटेल : भिंगाच्या काचेवर जीभ फिरवायची. लाळेच्या पातळ थरामुळे पाण्याचे थेंब न बनता ते सपाट पसरते आणि चित्र स्वच्छ राहते. चारचौघांत संकोच वाटत असेल, तर खिशात मऊ फडके ठेवावे आणि दर पाच मिनिटांनी पुसावे.

राहिली बॅटरी आणि कार्ड. ४के चित्रणाला एक बॅटरी साधारण तास-दीड तास पुरते, म्हणून एकूण तीन घ्याव्यात. कार्डाचा हिशेब सोपा आहे. सेकंदाला १०० मेगाबिट या दराने तासाला सुमारे ४५ जीबी जागा लागते, म्हणजे १२८ जीबीचे कार्ड पावणेतीन तासांच्या आसपास भरते. कार्डावर व्ही३० अशी खूण असावी. सेकंदाला किमान ३० मेगाबाइट सलग लिहिण्याची ती हमी आहे. नकली कार्डे बाजारात भरपूर आहेत, तेव्हा घरी आणल्यावर ते एकदा पूर्ण भरून पाहावे.

प्रश्न : माझी अकरा वर्षांची मुलगी स्केटिंग शिकते. तिच्या अंगावर लावण्याजोगा कॅमेरा असतो का?
— एक पालक, सिडको, नाशिक

उत्तर : असतो. नेहमीचा अ‍ॅक्शन कॅमेरा दीडशे ग्रॅमच्या आसपास असतो आणि मुलांच्या छातीवर तो जड होतो. इन्स्टा३६० कंपनीचा गो ३ हा अंगठ्याएवढा कॅमेरा ३५ ग्रॅमचा असून गळ्यात घातलेल्या चुंबकाच्या पदकावर सदऱ्यावरून चिकटतो. त्यात कार्ड बसत नाही, आतली साठवण किती हे घेतानाच ठरवावे लागते, आणि सलग चित्रण पाऊण तासाच्या पुढे जात नाही. शिकवणीच्या वेळेला ते पुरेसे आहे. जोरात पडल्यास तो सुटून पडू शकतो. माझ्या मते ते बरेच आहे, कारण छातीवर कठीण वस्तू घट्ट बांधून मूल पडण्यापेक्षा कॅमेरा घरंगळलेला परवडतो.

प्रश्न : मोटारसायकलवरून कसारा घाटाचे चित्रण करायचे आहे. हँडलवर मोबाइलच लावला तर काय बिघडते?
— एक वाचक, इगतपुरी

उत्तर : मोबाइलचा कॅमेराच बिघडू शकतो. मोबाइलमध्ये चित्र स्थिर राखण्यासाठी भिंग प्रत्यक्ष हलवणारी नाजूक यंत्रणा असते आणि मोठ्या इंजिनाची सततची थरथर तिला मानवत नाही. अ‍ॅपल कंपनीने २०२१ मध्ये आपल्या ग्राहकांना तसा इशाराही दिला होता. अ‍ॅक्शन कॅमेऱ्यात असा हलणारा भाग नसल्याने तो हँडलवर टिकतो, मात्र थरथर चित्रात उतरते, म्हणून टाकीवर किंवा छातीवर लावावा. टाकीवर चिकटपट्टी लावणार असाल, तर जागा आधी स्वच्छ पुसून पट्टी दाबावी आणि तीवर कॅमेरा चढवण्यापूर्वी पूर्ण २४ तास थांबावे. सकाळी पट्टी लावून दुपारी घाटात निघालेल्यांचे कॅमेरे दरीत शोधावे लागतात. कॅमेऱ्यापासून हँडलपर्यंत बारीक दोरीही बांधावी, पण ती पुढच्या चाकापर्यंत पोहोचणार नाही एवढीच लांब ठेवावी.