कुत्र्याच्या अंगावरची गाठ: नुसतं चाचपून ठरवू नका

ब्राउनीच्या बरगडीवर सुपारीएवढी गाठ हाताला लागली, दुखत नाही, डॉक्टरांनी चाचपून ‘चरबीची आहे, बघू पुढे’ म्हटलं, तर आता थांबावं का, असं तुम्ही विचारलंय. आठ वर्षांची, अंगाने भरलेली लॅब्रॅडॉर म्हटल्यावर ती चरबीची म्हणजे लायपोमा असण्याचीच शक्यता जास्त. तरीही थांबू नका, सुईची तपासणी करून घ्या.

कारण मास्ट सेल ट्यूमर, म्हणजे मास्ट सेल नावाच्या पेशींचा कॅन्सर. कुत्र्यांच्या कातडीच्या कॅन्सरमध्ये हा नेहमी आढळणारा. बॉक्सर, पग, लॅब्रॅडॉर यांच्यात जरा जास्तच. त्याचं ठरलेलं रूप नाही. कधी लाल पुटकुळी, कधी चामखीळ, तर कधी कातडीखाली मऊ, सरकणारी, हुबेहूब चरबीची वाटणारी गाठ. मुरलेल्या डॉक्टरांची बोटंही इथे फसतात. या पेशींत हिस्टामिन हे लाली-सूज आणणारं रसायन भरलेलं असतं. गाठ दाबली-चोळली की ते सुटतं, भोवती लाली आणि सूज येते, मग ओसरते. त्यामुळे गाठ आज मोठी, उद्या लहान दिसत असेल तर ‘कमी होतेय’ म्हणून निर्धास्त होऊ नका. याच हिस्टामिनमुळे पोटात अल्सर होऊन उलट्या, काळी शी असा त्रासही होतो. म्हणून गाठ पिळणं नको, हळदीचा लेप चोळणंही नको.

तपासणीचं नाव एफएनएसी. इंजेक्शनच्या बारीक सुईने गाठीतल्या थोड्या पेशी घेऊन काचपट्टीवर पसरतात, रंगवून मायक्रोस्कोपखाली बघतात. बहुतेक कुत्र्यांना भूल लागत नाही. पेशी पुरेशा आल्या नाहीत तर पुन्हा सुई किंवा बायॉप्सी. गाठ 1 सेंटीमीटरपेक्षा मोठी असेल किंवा महिनाभर टिकली असेल तर सुई घालायचीच, असं मी धरून चालते. तुमच्या डॉक्टरांकडे सोय नसेल तर परळ, शिरवळ, नागपूर, परभणी, उदगीर इथल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांच्या दवाखान्यांत चौकशी करा.

जाण्याआधी एक करा. ब्राउनी उभी असताना गाठ शोधून तिथले केस कात्रीने थोडे कापा. कुत्रं आडवं झालं की सैल कातडी सरकते आणि टेबलावर गाठ सापडतच नाही. शेजारी पट्टी धरून फोटोही काढा.

आणि तपासणीआधी स्टेरॉइड देऊ देऊ नका, ही माझी कळकळीची विनंती. स्टेरॉइडने मास्ट सेलची गाठ बसते, लिम्फोमाच्याही (लसिकाग्रंथींच्या कॅन्सरच्या) गाठी बसतात. सगळे खूश होतात आणि निदान मात्र हातचं जातं.

बाकी थोडक्यात. तीन वर्षांखालच्या कुत्र्याला अचानक उठलेली लाल, गोल गाठ बऱ्याचदा हिस्टिओसायटोमा ही साधी, कॅन्सर नसलेली गाठ असते, दोन-तीन महिन्यांत आपोआप जाते. नसबंदी न झालेल्या मादीच्या स्तनांतली गाठ मात्र एक आठवडाही अंगावर काढू नका. जबड्याखाली, खांद्यापुढे, मागच्या गुडघ्यामागे दोन्ही बाजूंना गाठी लागल्या तर त्या बहुधा सुजलेल्या लसिकाग्रंथी असतात, लिम्फोमाही असू शकतो, लगेच दाखवा.

रिपोर्ट लायपोमाचा आला तर चालण्यात अडथळा येईपर्यंत काढायची घाई नको, महिन्यातून एकदा मोजत राहा. मास्ट सेल निघाला तर ऑपरेशनमध्ये भोवतालची निरोगी दिसणारी कातडीही बरीच काढावी लागते, आणि काढलेली गाठ फॉर्मॅलिनमधून हिस्टोपॅथॉलॉजीला, म्हणजे लॅबमध्ये मायक्रोस्कोपखालच्या तपासणीला, जायलाच हवी. कडा स्वच्छ आल्या का, म्हणजे गाठ पूर्ण निघाली का, आणि ग्रेड कोणती, म्हणजे कॅन्सर किती आक्रमक, हे त्या रिपोर्टवरूनच कळतं. पुढचे उपचार त्यावर ठरतात. दवाखान्यातून स्वतःहून पाठवतीलच असं नाही, तुम्ही आधीच सांगून ठेवा.