महाडमध्ये घर घ्यायचंय. पूर आणि दरडींचा धोका खरंच किती?

तुम्ही विचारलंय की बाजारपेठेजवळचा तळमजला स्वस्तात मिळतोय आणि गावाबाहेर डोंगराच्या पायथ्याशी एक प्लॉटही आहे, तर दोन्हींत सुरक्षित काय. मला तरी दोन्ही नकोत. पण त्यातला पायथ्याचा प्लॉट आधी सोडा.

महाडात पाणी भरणं नवीन नाही. सावित्री महाबळेश्वरला उगम पावते आणि घाट उतरून इथे एकदम सपाटीला येते, गांधारीही इथेच मिळते. खाली बाणकोटची खाडी. वरून लोंढा आणि खालून भरती एकाच वेळी आली की पाण्याला जायला वाट उरत नाही. २२ जुलै २०२१ ला नेमकं हेच झालं. पौर्णिमा दोन दिवसांवर म्हणजे उधाणाचे दिवस, आणि त्या चोवीस तासांत महाबळेश्वरला ५९० मिलिमीटरच्या वर पाऊस. बाजारपेठेतले तळमजले बुडाले. त्याआधी २००५ ला असाच महापूर आला होता. म्हणून इथे नुसता महाडचा पाऊस बघून चालत नाही, महाबळेश्वर-पोलादपूरचा आकडा आणि तिथी दोन्ही बघावं लागतं. जुनी माणसं तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात: दशमीला साडेसात. किनाऱ्याचा हा हिशेब आहे, आत खाडीत भरती थोडी उशिरा पोचते.

तरी पुरात बहुतेक वेळा काही तास हाताशी असतात. फ्रिज, कागदपत्रं, गाडी वर नेता येते. दरडीत तसं नाही. जुलै २००५ मध्ये दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते इथे डोंगर खाली आले आणि दोनशेच्या आसपास माणसं गेली. २०२१ ला तळिये, त्याच पुराच्या दिवशी, ऐंशीहून जास्त. आणि रस्ते पाण्याखाली असल्याने मदत पोचायलाही उशीर झाला. पुराला भिऊन डोंगराकडे सरकायचं हा सल्ला महाड तालुक्यात म्हणूनच घातक आहे.

उताराला कातळावर माती-मुरुमाचा थर असतो. सलग मुसळधार पावसात तो पाणी पिऊन जड होतो आणि कातळावरून घसरतो. त्यात घरासाठी किंवा रस्त्यासाठी पायथा कापलेला असेल तर खालचा टेकूच गेला. प्लॉट बघायला जाल तेव्हा मागे उभी कापलेली दरड आहे का ते बघा, विजेचे खांब आणि झाडं एका बाजूला कलली आहेत का, वर जमिनीला भेगा आहेत का. पावसाळ्यात झऱ्याचं पाणी अचानक गढूळ झालं किंवा नसलेल्या जागी झरा फुटला, तर सामान आवरत बसू नका.

भूकंपाचं म्हणाल तर कोयना फार लांब नाही आणि १९६७ चा मोठा धक्का अख्ख्या कोकणाला माहीत आहे. बांधकाम नीट आरसीसी आहे ना, कॉलम कुणी फोडले नाहीत ना, एवढं इंजिनिअरकडून तपासून घ्या. वादळाचा मारा किनाऱ्याला जास्त. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन, मुरूड, अलिबाग झोडपलं. इथे मुख्यतः पत्रे आणि वीज.

मग घ्यायचं कुठे? पूररेषेच्या नकाशात निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नगरपालिकेत तो नकाशा मागा आणि लाल रेषेबाहेरचं, पण उताराला न टेकलेलं घर शोधा. बजेटमुळे बाजारपेठेतच घ्यायचं असेल तर निदान पहिला मजला घ्या, मीटर आणि पंप वर बसवलेत का बघा. एजंट ‘इथे पाणी येत नाही’ म्हणाला तर शेजारच्या दुकानदाराला २०२१ ची खूण विचारा. त्याचं बोट भिंतीवर कुठे जातं ते बघून भाव करा. घराचा विमाही काढा. भारत गृह रक्षा पॉलिसीत पूर, दरड, भूकंप तिन्ही येतात, पण तो लागेल तो आधीच काढलेला असेल तर.