वाचकांचे प्रश्न : नाण्यावरचे ते दोघे कोण?

प्रश्न : आमच्या घरी जुन्या पेटीत चांदीच्या पावलीएवढे एक नाणे सापडले. एका बाजूस पानांची माळ घातलेले डोके, दुसऱ्या बाजूस ढाली धरून उभे असलेले दोघे जण आहेत. हे रोमन असेल का?
– एक वाचक, रेवदंडा

उत्तर : वर्णनावरून हे रोमचा पहिला सम्राट ऑगस्टस याचे दिनारियस, म्हणजे रोमन चांदीचे नाणे, अथवा त्याची नक्कल दिसते. ढालींपाशी उभे असलेले ते दोघे म्हणजे गायस आणि ल्यूशियस, ऑगस्टसच्या मुलीचे मुलगे. त्यांना त्याने दत्तक घेऊन वारस ठरवले होते आणि इ.स.पू. २ पासून आजच्या फ्रान्समधील लियाँ येथे पाडलेल्या या नाण्यांनी ते वारस साम्राज्यभर जाहीर केले. ढालींच्या वर बारकाईने पाहावे : पुरोहिताची वाकडी काठी आणि आपल्या पूजेतल्या पळीसारखे एक उपकरण दिसेल. पुढे ल्यूशियस इ.स. २ मध्ये आणि गायस इ.स. ४ मध्ये वारला, व गादी सावत्र मुलगा टायबेरियस याला मिळाली. त्याच्या नाण्यावर हाती डहाळी घेऊन बसलेली स्त्री असते. भारतातील साठ्यांत हेच दोन प्रकार सर्वाधिक आढळतात.

इथल्या व्यापाऱ्यांना रोमच्या वारसांशी कर्तव्य नव्हते. ते चांदीचा कस पाहत. इ.स. ६४ च्या सुमारास सम्राट नीरोने नाण्यांचे वजन आणि कस दोन्ही उतरवले, त्यामुळे जुन्या नाण्यांनाच पसंती राहिली असावी. पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवर्णनात सोपारा, कल्याण व चौल ही बंदरे येतात, आणि भडोचला रोमन नाणी नफ्याने बदलून मिळत, असेही त्यात म्हटले आहे. तरीही मोठे साठे मिळाले ते दक्षिणेत. पश्चिम भारतात ही चांदी वितळवून क्षत्रपांची, म्हणजे इथल्या शक राजांची, नाणी पाडली गेली, असा एक तर्क आहे आणि तो मला पटतो. नाशिकजवळ जोगळटेंभी येथे १९०६ साली सापडलेल्या तेरा हजारांहून अधिक नाण्यांवर अशाच एका क्षत्रप राजाचे, नहपानाचे, डोके व भोवती ग्रीक अक्षरे आहेत.

सराफाकडे वजन करावे. झिजलेले अस्सल नाणेही साधारण साडेतीन ते पावणेचार ग्रॅम भरते. कडेवर सांध्याची रेघ दिसली, तर ते ओतीव, म्हणजे बनावट समजावे. मात्र चिंच किंवा राख लावून ते घासू नये.