स्कूटर का विकलीत?

*ताई, मी ६१ वर्षांचा आहे. चिंचवडच्या कारखान्यातून निवृत्त झालो आणि दोन वर्षांपूर्वी पत्नीसह माझ्या गावी, नारायणगावला राहायला आलो. स्टँडपासून तीन किलोमीटरवर वडिलोपार्जित जमिनीत घर बांधलं. गाव फार प्रेमळ आहे. बाजारपेठ ओलांडायला मला तास लागतो, इतकी माणसं हाका मारतात. भाजी विकत आणावी लागत नाही, कुणीतरी पिशवी ठेवून जातं. पुणे दोन तासांवर, नाशिक तीन तासांवर, म्हणजे शहराची सोयही हाताशी. पण पत्नी (५७) इथे रमत नाही. कुणात मिसळत नाही, चिडचिड करते. पुण्याला निघायचं म्हटलं की तासभर आधी आवरून, पर्स मांडीवर घेऊन पडवीत बसते आणि मला फोनवर पाच मिनिटं जास्त लागली तरी तोंड फुगवते. तिला मी कशाचीही कमतरता ठेवलेली नाही. चिंचवडला ती पतपेढीत कॅशियर होती, स्कूटरवरून जायची. इथे मी आहेच, म्हणून येताना ती विकून टाकली. रस्त्याला टोमॅटोच्या पिकअप, संध्याकाळी बिबट्याची भीती, त्यामुळे एकटीला पाठवत नाही. मुलगी म्हणते, परत या. मला गाव सोडवत नाही. तिला समजेल असं दोन शब्द लिहाल का?*

तिला काही लिहिणार नाही. लिहायचंय ते तुम्हालाच.

पत्र तुम्ही ऐसपैस लिहिलंत. गावातल्या हाका आल्या, भाजीची पिशवी आली, पुणे आलं, नाशिक आलं. आणि बायकोची स्कूटर अर्ध्या वाक्यात उरकलीत. कितीला गेली, कुणी नेली, काही नाही. विकायचं ठरवलं कुणी, तेही नाही. तिने स्वतः म्हटलं असतं, तर “तिनेच विकायला सांगितली” हे तुम्ही ठळक अक्षरांत लिहिलं असतंत. एवढी माणसं मी ओळखते. बरं, चिंचवडची गाडी म्हणजे एमएच-१४. जुन्नर तालुक्यातही एमएच-१४च. नंबरपाटीसुद्धा बदलावी लागली नसती. सामानाच्या टेंपोत फ्रिज आणि कपाटाच्या मधे उभी करून आणता आली असती. दोन वर्षं तुम्ही ज्याचं उत्तर शोधताय, ते त्या दिवशी कुणाला तरी चावीसकट देऊन आलात.

जरा तिच्या बाजूने एक दिवस काढून बघा. ही बाई कॅशियर होती. दिवसभर लोकांचे पैसे मोजायचे, संध्याकाळी पै न् पै जुळवायची, जुळल्याशिवाय उठायचं नाही, आणि मग स्वतःची गाडी काढून, वाटेत हवं तिथे थांबत घरी. कधी भाजी, कधी मैत्रिणीकडे चहा, कधी नुसतंच लांबच्या रस्त्याने. कुणाला सांगायची गरज नव्हती. आता साडीला फॉल-पिको करायचा तर तुम्हाला विचारायचं. ब्लाउज टाकायचा तर तुम्हाला. दाढ दुखली तर तुम्हाला. तुम्ही नाही म्हणत नसणार, “जाऊ की” म्हणत असाल. मग सोसायटीत काम निघतं, कुणी भेटतं, कुणी चहाला धरून बसवतं, गावच प्रेमळ पडलं ना, आणि फॉल-पिको उद्यावर जातो. उद्या परत आठवण करायची तीच. दहा वेळा आठवण केली की त्याला चिडचिड म्हणायचं.

त्या पर्सचं म्हणाल तर ती तासभर आधी आवरून बसते, कारण गाडी किती वाजता सुटणार ते तिला माहीत नसतं. एसटीची वेळ स्टँडवर फलकावर लिहिलेली असते. तुमच्या गाडीची वेळ तुमच्या डोक्यात असते. “निघायचं हं” असं तुम्ही ओरडाल तेव्हा ती अंघोळीला गेलेली असेल तर “तुझंच आवरत नाही” हे ऐकायला लागेल, म्हणून ती आधीच बसते. चपला घातलेल्या, पदर खोचलेला, पाण्याची बाटली भरून शेजारी. आतून तुमचं फोनवरचं हसणं ऐकू येतंय. मांडीवर पर्स घेऊन एक तास बसून बघा एकदा, आणि मग मला तोंड फुगण्याबद्दल लिहा.

गाव प्रेमळ आहे, यात मला शंका नाही. पण ते प्रेम तुमच्या वाट्याला आयतं आलंय. शाळेतले दोस्त आहेत, भावकी आहे, कटिंगचं दुकान आहे, देवळाचा पार आहे. पुरुष स्टँडवर तासभर बिनकामाचा उभा राहिला तर त्याला चार माणसांत मिसळणं म्हणतात. बाई पंधरा मिनिटं उभी राहिली की तिघं येऊन विचारतात, “वहिनी, कुणाची वाट बघताय? भाऊ येणारेत का?” मायेनेच विचारतात. तरी तिसऱ्यांदा विचारल्यावर ती घरीच जाते. आणि तुम्ही जिथे नेऊन सोडता तिथे, हळदीकुंकवाला म्हणा, बारशाला म्हणा, ती सत्तावन्नाव्या वर्षी पुन्हा अमक्यांची सून होते. तिथे काय मिसळायचं? तिची माणसं तिला शोधावी लागतील. कुठे सापडतील ते मी सांगत बसत नाही. तुमच्या गावात कृषी विज्ञान केंद्र आहे, आसपास महिलांचे बचत गट आहेत, आणि हिशेबाला पक्की बाई मिळाली तर कुठला गट नको म्हणेल? पण हे तिचं ती बघेल. तुम्ही सोडायला गेलात आणि बाहेर गाडी चालू ठेवून हॉर्न मारत बसलात, तर तिथेही ती वहिनीच राहील.

आता अंतराचं. पुणे ७५ किलोमीटर, नाशिक त्याच्या पावणेदोन-दोन पट. पण हे मोजलंत कुठून? तुमच्या गाडीच्या सीटवरून. तिच्यासाठी पुण्याच्या आधी तीन किलोमीटर आहेत, घर ते स्टँड, आणि तेच तिला पार करता येत नाहीत. ते पार झाले की पुढचं सोपं आहे. १७ मार्च २०२३ पासून महाराष्ट्रात एसटीने बायकांना अर्धं तिकीट आहे. स्कूटर स्टँडजवळ लावायची, खिडकीची जागा धरायची, मंचर, राजगुरुनगर, चाकण करत भोसरीला उतरायचं, की चिंचवड आलंच. बाह्यवळण झाल्यापासून लांब पल्ल्याच्या काही गाड्या गावात शिरत नाहीत, एवढं तेवढं चौकशीच्या खिडकीवर विचारून ठेवायचं. चाकणच्या कोंडीत अडकली तर अडकू दे. दिवाळीच्या आदल्या दिवशी पतपेढीच्या काउंटरवर बसलेली बाई आहे ती, कोंडीला घाबरणार नाही. जुन्या मैत्रिणींना भेटून संध्याकाळच्या आत परत येईल, आणि जाताना-येताना तिच्याशी कुणी टोमॅटोच्या भावाबद्दल बोलणार नाही.

बिबट्याची गोष्ट मी हसण्यावारी नेत नाही. जुन्नरच्या उसात बिबट्या राहतो, पिलं तिथेच वाढवतो, आणि त्या तालुक्यात माणसं गेलीत. अंधार पडल्यावर उसाकडेच्या रस्त्याने दुचाकी नको, हे अगदी खरं. पण मग तुम्हालाही नको. तुम्ही रात्री आठला पारावरून परत येता तेव्हा बिबट्या सुट्टीवर असतो का? आणि सकाळी अकराला शिंप्याच्या दुकानात जायला त्याची काय आडकाठी? तेच त्या पिकअपचं. हंगामात बाजाराच्या रस्त्याला क्रेट भरलेल्या गाड्यांची रांग लागते, मान्य. ही बाई पिंपरी-चिंचवडच्या वाहतुकीतून रोज कामावर जात होती. तुम्हीच लिहिलंय.

आणि हे सगळं कुठे चाललंय, तर नारायणगावात! विठाबाई नारायणगावकरांच्या गावात. ज्या बाईने स्वतःचा फड उभा करून गावोगाव नेला, तिचं नाव तुमच्या गावाने मिरवायचं. पाडव्याच्या सुमाराला तमाशाच्या राहुट्या लागल्या की लांबलांबची गावं सुपारी द्यायला तुमच्याकडे येतात, त्याचा तुम्हाला अभिमान असणारच. घरातल्या बाईची स्कूटर तेवढी धोक्याची.

तेव्हा एकच काम सांगते. या महिन्यात तिला स्कूटर घेऊन द्या. तुमच्या गाडीची दुसरी चावी चालणार नाही, “आपल्या दोघांत एक” हेही चालणार नाही. आरसी तिच्या नावावर. रंग ती ठरवेल, शोरूममध्ये तुम्ही एक अक्षर बोलायचं नाही, मायलेज किती हेसुद्धा विचारायचं नाही. पैसे तुमचे. तिची जुनी विकून आलेले कुठे गेले ते तुम्हालाच ठाऊक, बोअरला गेले असतील नाहीतर पत्र्याच्या शेडला. तिचं लायसन्स काढून मुदत बघा. मुदत संपून वर्ष उलटलं असेल तर पुन्हा चाचणी द्यावी लागेल, आणि वयामुळे डॉक्टरचा दाखला तर लागेलच, फॉर्म १-ए. त्याची धावपळ तुम्ही करा. हेल्मेट मात्र तिच्या मापाचं घ्या, तुमचं जुनं नको.

पुढचा भाग तुम्हाला जड जाईल. ती बाहेर पडली की पाठोपाठ फोन करायचा नाही. परत आल्यावर “एवढा वेळ?” विचारायचं नाही. न विचारताही तुम्हाला कळेलच म्हणा, गावच तसं आहे. पहिल्या आठवड्यात चार जण कट्ट्यावर सांगतील, “वहिनी आज वारूळवाडीला दिसल्या.” त्यावर “असतील” म्हणायचं आणि चहा प्यायचा. घरी येऊन “वारूळवाडीला काय होतं?” असं निघालं तोंडून, की स्कूटर घेऊन दिल्याचा उपयोग शून्य.

मुलीला यात पंच करू नका. परत जायचं की राहायचं, हा तुम्हा दोघांचा प्रश्न आहे, आणि तो आज तिला विचारण्यात अर्थ नाही. पडवीत बसून तिने अजून गाव पाहिलेलंच नाही. सहा महिने तिला तिच्या गाडीवरून हिंडू द्या. मग विचारा. तिला गाव आवडेलच, याची मी हमी घेत नाही. तेव्हाही ती “चला परत” म्हणाली, तर घराला कुलूप लावायची तयारी ठेवा.